वैद्याचा विवेक आणि रुग्णाचा विश्वास



संस्थेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त चिंतनासाठी जो विषय निवडला गेला, तो वरवर पाहता केवळ डॉक्टरांचा वाटेल. रुग्णाशी व्यवहार करताना डॉक्टरांपुढे जे नैतिक पेच उभे राहतात ते त्यांनी कसे सोडवावेत, असा तो विषय आहे. वस्तुतः या प्रत्येक पेचात टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आपणच बसलेले असतो. कधी रुग्ण म्हणून, कधी रुग्णाचा मुलगा किंवा सून म्हणून, तर कधी 'डॉक्टरसाहेब, एवढे आमच्यासाठी करा' अशी विनंती करणारे गावातील प्रतिष्ठित गृहस्थ म्हणून. त्यामुळे डॉक्टरांच्या विवेकाची चर्चा ही समाजाच्याही विवेकाची चर्चा ठरते.

प्रथम 'पेच' म्हणजे काय हे स्पष्ट केले पाहिजे. अनावश्यक तपासण्या लिहून देऊन त्यातून कमिशन घ्यावे की घेऊ नये, हा पेच नव्हे. त्याचे उत्तर सर्वांना ठाऊक असते. अडचण असते ती लोभाची. खरा पेच तेथे असतो, जेथे दोन्ही बाजूंना काही तरी मोलाचे असते. एका बाजूला सत्य आणि दुसऱ्या बाजूला करुणा. एका बाजूला रुग्णाचे गुपित आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्या कोणाचे प्राण. एका बाजूला रुग्णाचे व्रत आणि दुसऱ्या बाजूला त्याचा देह. अशा प्रसंगी डॉक्टरने काय करावे? अनुभव आणि शास्त्र या दोहोंतून एकच सूत्र हाती लागते. जो निर्णय रुग्णाला विश्वासात घेऊन, त्याला समजेल अशा भाषेत आणि कागदावर प्रामाणिकपणे उतरवून घेतला जातो, तो चुकण्याचा संभव कमी असतो. जो निर्णय रुग्णाच्या पाठीमागे, कुजबुजत आणि नोंद बदलून घेतला जातो, तो कितीही दयाबुद्धीने घेतलेला असला तरी पुढे कोणाला तरी दंश करतो. हे सूत्र चार प्रसंगांवर तपासून पाहता येईल.

पहिला प्रसंग आपल्याच जिल्ह्यातील आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या बोलीत एक शब्द फार विलक्षण रीतीने वापरला जातो. तो शब्द म्हणजे 'औषध'. ताप आला की औषध घ्यायचे, कपाशीवर अळी आली की औषध मारायचे आणि एखाद्याने जीव द्यायचा प्रयत्न केला तरी लोक म्हणतात, 'त्याने औषध घेतले.' जीव वाचवणारे आणि जीव घेणारे द्रव्य एकाच नावाने ओळखले जाते. २०१७ च्या पावसाळ्यात या शब्दाचा तिसरा अर्थ जिल्ह्याने भोगला. जुलै ते ऑक्टोबर या काळात कपाशीवर फवारणी करणारे शेकडो शेतकरी आणि शेतमजूर विषबाधा होऊन रुग्णालयांत दाखल झाले आणि वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. कोणाला धाप लागली होती, कोणाची दृष्टी काही काळ गेली होती, कोणी बेशुद्धावस्थेत आला होता. यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात अशा रुग्णांची रीघ लागली. पुढे राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि विदर्भातील काही जिल्ह्यांत निवडक कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदीही घातली.

या संकटात वैद्यकीय अडचण होती तशी नैतिकही होती. सेंद्रिय फॉस्फरस वर्गातील विष शरीरातील कोलिनेस्टरेज या विकराचे काम बंद पाडते. त्यावर ॲट्रोपीन हे औषध उपयोगी पडते. परंतु फवारणीत दोन-तीन रसायने एकत्र मिसळलेली असली, किंवा वेगळ्याच वर्गातील कीटकनाशक असले, तर त्यावर नेमका उतारा असेलच असे नाही. मग लक्षणांवरच उपचार करावे लागतात. म्हणून कोणते औषध, किती आणि कसे शरीरात गेले, हे रुग्णाने खरे सांगणे आणि डॉक्टरने खरे लिहिणे यावरच उपचार अवलंबून असतात. आणि नेमका येथेच पेच सुरू होतो.

समजा, एका तरुण शेतकऱ्याला मध्यरात्री आणले आहे. त्याने कर्जाच्या चिंतेने स्वतःहून औषध प्राशन केले आहे. शुद्ध असताना त्याने ते डॉक्टरांना सांगितलेही आहे. बाहेर त्याचा भाऊ हात जोडून उभा आहे. तो म्हणतो, 'साहेब, फवारताना झाले असे लिहा.' त्याच्या विनंतीमागे लबाडी नसते, धास्ती असते. पोलीस येतील, गावात नाचक्की होईल, बहिणीचे लग्न मोडेल, अशी भीती असते. शिवाय दुर्दैवाने मृत्यू झालाच, तर हिशेबही असतो. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूसाठी शासनाची योजना २ लाख रुपये देते आणि त्या योजनेत आत्महत्या बसत नाही. आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबासाठी १ लाख रुपयांची मदत वेगळी आहे, पण तिच्या अटी आहेत आणि ती प्रत्येकाला मिळतेच असे नाही. कागदावरच्या एका शब्दाने एका विधवेच्या घरात २ लाख येणार असतील, तर तो शब्द लिहायला काय हरकत आहे, असा प्रश्न कोणत्याही कोमल अंतःकरणाच्या डॉक्टरला पडेल.

या प्रश्नाचे उत्तर शांतपणे दिले पाहिजे. पहिली गोष्ट म्हणजे त्या खोट्या नोंदीची किंमत प्रथम तो रुग्णच मोजतो. 'अपघात' लिहिले की मानसोपचारतज्ज्ञाला बोलावण्याचे कारण उरत नाही. तरुण बरा होतो, घरी जातो आणि त्याच कर्जाजवळ, त्याच कोठारातील त्याच बाटलीजवळ परत येतो. दुसरी गोष्ट म्हणजे ती किंमत दुसरे शेतकरीही मोजतात. २०१७ मध्ये जे खरोखर फवारणी करताना बाधित झाले, त्यांच्याविषयीही 'प्यायले असतील' अशी शंका घेणारे लोक होते. खऱ्या नोंदीत खोट्या नोंदी मिसळल्या की खऱ्याचाही विश्वास जातो. पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. यवतमाळमधील दोन मृत शेतकऱ्यांच्या पत्नींनी आणि वाचलेल्या एका शेतकऱ्याने २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सिंजेंटा या कंपनीविरुद्ध दिवाणी दावा दाखल केला. कंपनीने जबाबदारी नाकारली. दाव्याच्या गुणदोषांविषयी येथे मत द्यायचे नाही. पण या दाव्याच्या मागे २०१७ मध्ये यवतमाळात झालेल्या पोलिसी नोंदींचा आधार होता, आणि अशा नोंदींची सुरुवात होते ती रुग्णालयातून पोलिसांना जाणाऱ्या कागदाने. मध्यरात्री थकलेल्या निवासी डॉक्टरने लिहिलेल्या चार ओळी किती दूर जाऊ शकतात, याचे हे उदाहरण आहे.

मग डॉक्टरने निष्ठुर व्हावे काय? मुळीच नाही. हेतू ठरवणे हे डॉक्टरचे काम नाही. नोंद करणे हे त्याचे काम आहे. रुग्णाने स्वतः काय सांगितले, नातेवाइकांनी काय सांगितले, तपासणीत काय आढळले, या तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या की सत्यही राहते आणि निवाडाही डॉक्टरच्या माथी येत नाही. त्यानंतर त्याने बाहेर येऊन त्या भावाला धीर द्यावा. त्याला सांगावे की आता काळ बदलला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे त्यात गृहीत धरले आहे आणि तिच्यावर खटल्याऐवजी उपचारांची जबाबदारी शासनावर टाकली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारे जुने ३०९ कलमच राहिलेले नाही. पोलिसांच्या भीतीने सत्य लपवण्याचे कारण पुष्कळसे संपले आहे. हे कुटुंबाला समजावून सांगणे हीच खरी करुणा आहे. श्रावकाच्या सत्य अणुव्रतात दुसऱ्याच्या जिवाला घात करणारे बोलणे वर्ज्य आहे. परंतु खोटा लेख तयार करणे हा त्याच व्रताचा अतिचार सांगितला आहे, हेही विसरता येत नाही.

दुसरा प्रसंग प्रत्येक घरातला आहे. वडिलांना कर्करोग निघतो. मुलगा डॉक्टरांच्या केबिनमध्ये आधी एकटाच शिरतो आणि सांगतो, 'दादांना काही सांगू नका, त्यांचे मन खचेल.' त्यानंतर महिनोन् महिने एक नाटक चालते. नागपूरच्या वाऱ्या 'साध्या गाठीसाठी' होतात. केस गळतात ते 'गरम औषधाने'. वडील सारे ओळखतात, पण मुलांचे मन राखण्यासाठी तेही काही विचारीत नाहीत. दोन्ही बाजूंचे प्रेम खरे असते आणि दोन्ही बाजू एकट्या पडतात.

आपल्या परंपरेने हा पेच फार पूर्वी ओळखला होता. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला जो उपदेश आहे, त्यात रुग्णाच्या घरातील गोष्ट बाहेर न सांगण्याची ताकीद आहे आणि मृत्यू जवळ आल्याचे कळले तरी ते सांगितल्याने रुग्णाला वा इतरांना आघात होणार असेल तर सांगू नये असेही म्हटले आहे. म्हणजे मौनाला आधार आहे. पण आघात होणार असेल तरच. आधुनिक नियमही टोकाचे नाहीत. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारविषयक विनियम सांगतात की आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. २०२३ मध्ये त्यांच्या जागी नवे विनियम आले होते. ते त्याच महिन्यात स्थगित होऊन २००२ चेच पुन्हा लागू झाले.

यातून मार्ग काढण्याची एक साधी रीत आहे. काय सांगायचे हे मुलाला न विचारता किती ऐकायचे आहे हे वडिलांनाच विचारावे. 'काका, तपासणीचा निकाल आला आहे. सगळे तुम्हांला सांगू, की मुलाशी बोलू?' एवढा एक प्रश्न पुरेसा असतो. कोणी म्हणेल, 'मला सारे सांगा, दुकानाचे, शेताचे लावून द्यायचे आहे, पालिताण्याला किंवा शिखरजीला एकदा जायचे आहे.' कोणी म्हणेल, 'मुलगा पाहील, मला नको.' दोन्ही उत्तरे रुग्णाचीच आहेत आणि दोन्हींचा मान राखला पाहिजे. अनेकान्त याचा अर्थ सत्य सोयीप्रमाणे बदलते असा नाही. एकच सत्य किती, केव्हा आणि कोणत्या बाजूने सांगितले असता ऐकणाऱ्याला पेलेल याचे भान म्हणजे व्यवहारातला अनेकान्त. सत्य हप्त्याहप्त्याने सांगता येते. असत्य मात्र एकदा सांगितले की ते जपण्यासाठी रोज नवे असत्य लागते.

रुग्णाला वगळून निर्णय घेण्याची सवय शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचते तेव्हा ती किती घातक ठरते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १६ जानेवारी २००८ च्या समीरा कोहली प्रकरणातील निर्णयाने दाखवून दिले. दुर्बिणीने तपासणी करण्यापुरती संमती दिलेली महिला गुंगीत असताना, तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढण्यात आले. सज्ञान आणि निर्णयक्षम रुग्णाच्या जागी नातेवाइकाची सही चालत नाही आणि प्राण वाचवण्याची तातडी नसेल तर थांबून तिलाच विचारले पाहिजे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. आपल्या जिल्ह्यात हा मुद्दा अधिक नाजूक आहे. येथे दवाखान्यात येणाऱ्या कित्येकांची घरची भाषा बंजारा, गोंडी किंवा कोलामी असते. इंग्रजी छापील कागदावर उमटवलेला अंगठा ही संमती नव्हे. पोडावरून आलेल्या कोलाम मातेला तिच्या बोलीत समजावून सांगणारा माणूस शोधून आणणे, त्यासाठी दहा मिनिटे थांबणे, हीदेखील वैद्यकीय नीतीच आहे.

तिसरा प्रसंग गुप्ततेचा आहे. रुग्ण डॉक्टरला जे सांगतो ते बाहेर जाऊ नये, हा वैद्यकीचा पाया आहे. लहान गावात तर तो अधिकच महत्त्वाचा. दवाखान्यात कोण कशासाठी आले हे कापडाच्या दुकानात संध्याकाळी चर्चिले जाऊ लागले, तर क्षयाचा, मनोविकाराचा, व्यसनाचा रुग्ण डॉक्टरकडे येणेच सोडून देईल. विवाहसंबंध जुळवताना 'मुलीची फाईल तुमच्याकडे आहे, जरा सांगा' अशी विचारणा ओळखीच्या डॉक्टरांकडे करणारे लोक प्रत्येक समाजात असतात. त्यांना नम्रपणे नकार देणाऱ्या डॉक्टरांचा राग मानू नये. आपल्या घरची फाईलही त्याच कपाटात असते.

परंतु या मौनालाही मर्यादा आहे. रुग्णाच्या गुपितामुळे तिसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर काय? एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे, या पेचातून क्रमाक्रमाने उतरण्याची शिडी दिली आहे. प्रथम रुग्णाचे समुपदेशन करून जोडीदाराला स्वतः सांगण्यास त्याला प्रवृत्त करावे. तो सांगणार नाही आणि जोडीदाराला खरोखर मोठा धोका आहे अशी खात्री झाली, तर आपण सांगणार आहोत हे रुग्णाला आधी कळवावे. त्यानंतर डॉक्टरने किंवा समुपदेशकाने ते फक्त जोडीदारालाच, समक्ष आणि समुपदेशनासह सांगावे. बाधित स्त्रीला हे सांगितल्यामुळे मारहाण किंवा छळ होण्याचा संभव असेल, तर सांगण्याचे बंधन नाही. हा क्रम एका आजारापुरता मर्यादित मानू नये. आधी रुग्णालाच संधी द्यावी, मग त्याला पूर्वसूचना द्यावी आणि अखेर ज्याला धोका आहे केवळ त्यालाच, आवश्यक तेवढेच सांगावे. अहिंसेचा विचार वेगळे काय सांगतो? अपरिहार्य असलेली इजा कमीत कमी कशी होईल, हाच तर तिचा शोध असतो.

चौथा प्रसंग विशेषतः आपल्या समाजाशी निगडित आहे. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात मधुमेहाचा रुग्ण डॉक्टरकडे येतो. त्याला अठ्ठाई करायची आहे किंवा निदान चतुर्दशीचा उपवास. 'मुळीच नाही, मराल,' असे रागावणारा डॉक्टर रुग्णाला गमावतो. कारण तो रुग्ण उपवास करतोच, फक्त न सांगता. 'धर्माचे काम आहे, करा,' असे म्हणून मोकळा होणारा डॉक्टर तर त्याहून धोकादायक. आहार बंद आणि इन्सुलिन किंवा साखर वेगाने उतरवणारी गोळी चालू राहिली तर साखर एकदम खाली जाऊन प्राणावर बेतू शकते. मूत्रपिंडाच्या रुग्णाला पाण्याविना राहणे सोसत नाही.

येथे डॉक्टरने जैन आचारातील एक गोष्ट जाणून घेतली तर त्याचे काम सोपे होईल. पच्चक्खाण म्हणजे आंधळी शपथ नव्हे. ते घेतानाच 'आगार' ठेवले जातात, म्हणजे सवलती आधीच बोलून ठेवल्या जातात. त्यात चित्ताची समाधी टिकावी म्हणून गंभीर व्याधीत औषध घेण्याची सवलतही आहे. ज्या आचार्यांनी हे नियम बांधले त्यांना मानवी देहाची मर्यादा पुरती ठाऊक होती. म्हणून साखर अमुक आकड्याखाली गेली, घाम सुटला, भोवळ आली तर पारणे करायचे, असा आगार रुग्णाने डॉक्टरांच्या सल्ल्याने आधीच ठरवावा आणि गुरुमहाराजांनाही सांगावा. अठ्ठाईऐवजी एकासणे, उणोदरी किंवा रसत्याग अशी सोसवणारी तपे आहेतच. आणि एखाद्याला उपवास झेपणारच नसेल, तर ते स्पष्टपणे सांगण्याचे धैर्य डॉक्टरने दाखवावे.

रुग्णाची श्रद्धा आणि उपचार यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न आपल्याकडे नवा नाही. नवव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या जैन आचार्य उग्रादित्यांनी 'कल्याणकारक' हा आयुर्वेदाचा ग्रंथ रचताना मांस, मद्य आणि मध यांना औषधांतून वगळले आणि त्यांना पर्याय दिले. हा ग्रंथ १९४० मध्ये आपल्या महाराष्ट्रात, सोलापुरातून प्रकाशित झाला. आजच्या डॉक्टरनेही कॅप्सूलचे आवरण प्राणिज असते हे विचारणाऱ्याला खरे सांगावे, पर्याय असल्यास द्यावा आणि नसल्यास निर्णय रुग्णावर सोपवावा. विचारणाऱ्याला हसू नये आणि न सांगता गोळी कुटून पाण्यातून देण्याचा सल्ला घरच्यांना देऊ नये.

आता या सर्व प्रसंगांचा कळस. जीवनाच्या अखेरीस डॉक्टरने कोठे थांबावे? आपल्या समाजाला हा प्रश्न परका नाही. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराजांची दृष्टी क्षीण झाली आणि जीवदया पाळून चालणे अशक्य होऊ लागले, तेव्हा त्यांनी कुंथलगिरी येथे सल्लेखना घेतली आणि ३६ व्या दिवशी, १८ सप्टेंबर १९५५ रोजी त्यांचे समाधिमरण झाले. आपल्या जिल्ह्याला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात पवनार येथे आचार्य विनोबा भावे यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न, पाणी आणि औषध घेणे थांबवले. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी त्यांचे देहावसान झाले. तो दिवस दिवाळीचा, म्हणजेच भगवान महावीरांच्या निर्वाणाचा होता. सर्व जैन संप्रदायांना मान्य होईल अशा 'समणसुत्तं' या ग्रंथाची प्रेरणा ज्यांनी दिली, त्यांनी जैन परंपरेतील मार्गानेच देह ठेवला. तेव्हाचा कायदा आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा मानत होता, तरीही त्यांच्या नकारापुढे जाऊन त्यांना बळाने अन्न देण्यात आले नाही.

१० ऑगस्ट २०१५ रोजी राजस्थान उच्च न्यायालयाने संथारा म्हणजे आत्महत्या असा निर्णय दिला तेव्हा समाज देशभर मूकपणे रस्त्यावर उतरला आणि ३१ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. या वादातून समाजाला जेवढे शिकायचे आहे तेवढेच डॉक्टरांनाही. आचार्य समंतभद्रांनी सल्लेखनेसाठी सांगितलेली कारणे, म्हणजे उपसर्ग, दुष्काळ, वार्धक्य आणि रोग, ही 'प्रतिकार उरलेला नसेल तरच' या अटीवर आहेत. तत्त्वार्थसूत्रात तर मरण लवकर यावे अशी इच्छा हाच सल्लेखनेचा अतिचार मानला आहे. डॉक्टरच्या हाती याहून चांगली कसोटी नाही. बरी होणारी व्याधी आहे काय? औषधाने कमी होणारी वेदना आहे काय? नैराश्याचा आजार आहे काय? 'मी मुलांवर ओझे झालो' असा सूर बोलण्यात आहे काय? यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी असेल तर तेथे प्रथम उपचार हवा. त्या माणसाशी एकांतात, नातेवाइकांना बाहेर ठेवून बोलले पाहिजे. कर्जबाजारी तरुणाने घेतलेले औषध आणि क्षपकाने शांत चित्ताने सोडलेले औषध यांतील भेद ओळखणे, हा डॉक्टरच्या विवेकाचा सर्वांत कठीण भाग आहे.

जे सल्लेखना घेत नाहीत त्यांच्यासाठीही आता मार्ग आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील पाशवी हल्ल्यानंतर ४१ वर्षांहून अधिक काळ जवळजवळ अचेतन अवस्थेत होत्या. त्यांचे जीवन संपवू देण्याची विनंती सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळली, परंतु असाध्य अवस्थेत कृत्रिम जीवनाधार काढण्याचे तत्त्व कडक अटींवर स्वीकारले. ज्या परिचारिकांनी त्यांना १८ मे २०१५ पर्यंत सांभाळले, त्यांच्या मताला त्या निकालात वजन होते. सेवा करणाऱ्याचा आवाज ऐकला गेला, ही त्यातील लक्षणीय गोष्ट. ९ मार्च २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य केला आणि धडधाकट असतानाच इच्छापत्र लिहून ठेवण्याची मुभा दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी ही पद्धत सोपी करण्यात आली; आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर असे पत्र करता येते. तरीही डॉक्टर एकट्याने काही ठरवत नाही. वैद्यकीय मंडळांनी तपासल्यावरच जीवनाधार थांबवता येतो. उपचार थांबले तरी शुश्रूषा थांबत नाही. वेदनाशमन, तोंड ओले करणे, कूस बदलणे, जवळ बसणे हे अखेरपर्यंत चालूच राहते.

उत्तराध्ययन सूत्रातील अनाथी मुनींची कथा सर्वांना परिचित आहे. डोळ्यांच्या असह्य वेदनेने ते तळमळत होते. वडील सारी संपत्ती द्यायला तयार होते, निष्णात वैद्य आले, सर्व उपाय झाले, पण वेदना हटली नाही. या कथेत वैद्यांची निंदा नाही. त्यांच्या मर्यादेची कबुली आहे. 'आता माझ्याकडे उपाय नाही, पण मी येथे आहे,' असे म्हणू शकणारा डॉक्टर अतिदक्षता विभागात निरर्थक दिवस वाढवणाऱ्यापेक्षा रुग्णाला अधिक जवळचा वाटतो.

अखेरीस समाजाच्या वाट्याचे कर्तव्य. डॉक्टरांवर खोटा दाखला देण्यासाठी ओळखीचा, वर्गणीचा किंवा पदाचा दबाव आणू नये. चुकीचे प्रमाणपत्र देणे हे २००२ च्या विनियमांनुसार गैरवर्तन आहे आणि त्यात नोंदणी जाऊ शकते. उपचाराची कागदपत्रे मागितल्यास ७२ तासांत मिळण्याचा रुग्णाला हक्क आहे; तो शिवीगाळ न करता मागावा. उपचार फसला म्हणून दवाखान्याच्या काचा फोडणाऱ्या जमावाच्या भीतीने डॉक्टर जोखीम घेणे सोडतो आणि गंभीर रुग्णाला नागपूरचा रस्ता दाखवतो. वाटेत जो दगावतो तो आपल्यातीलच कोणी असतो. आणि आपल्या बांधवांपैकी जे कृषी सेवा केंद्र चालवतात, त्यांच्यासाठी एक विशेष विनंती. औषधाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी, हे न वाचता येणाऱ्या गिऱ्हाइकाला तोंडाने सांगावे. पक्के बिल द्यावे. डब्यासोबतचे पत्रक काढून ठेवू नये आणि विषबाधा झाल्यास डबा व पत्रक दवाखान्यात घेऊन जाण्यास सांगावे. डॉक्टरला पहाटे तीन वाजता त्या पत्रकाचीच गरज पडते. अहिंसा अणुव्रताचे हे दुकानातील रूप आहे.

सुवर्णमहोत्सवी वर्षात या ट्रस्टने जर काही संकल्प करायचाच, तर तो इमारतीपेक्षा विश्वासाचा करावा. वर्षातून एकदा परिसरातील डॉक्टर, पूज्य साधु-साध्वी, वकील आणि रुग्णांचे कुटुंबीय यांनी एकत्र बसून असे पेच मोकळेपणाने बोलावेत. पर्युषणापूर्वी व्रत घेणाऱ्या रुग्णांसाठी तपासणी व सल्ल्याचा एक दिवस ठेवावा. अखेरच्या आजारातील वृद्धांच्या घरी जाऊन बसणारी, शुश्रूषा करणारी एक लहानशी तुकडी तयार करावी. वैयावृत्त्य हे आपल्याकडे आभ्यंतर तप मानले आहे. ते करण्यासाठी डॉक्टरची पदवी लागत नाही.

पेच संपणार नाहीत. यंत्रे वाढतील तसे ते वाढतील. पण डॉक्टरने रुग्णाला वगळले नाही, रुग्णाने डॉक्टरपासून लपवले नाही आणि कागदावर दोघांनी खरे तेच राहू दिले, तर बहुतेक पेचांतून वाट निघते. आणि जेथे ती निघणार नाही, तेथे निदान कोणी एकटे पडणार नाही.

जय जिनेंद्र.